पंचविसावी चौकी

"मोजा पुन्हा," तायडेताई म्हणाल्या.

"मोजले."

"नजरेनं नाही. बोटानं मोजा. गाडी सुटल्यावर कंडक्टर मागं राहिला म्हणून चालते काय?"

मी बोटानं मोजले. मुख्य साठ, बाजूचे पंधरा. एकूण पंच्याहत्तर. ताईंनी मान हलवली, आपला कागद उचलला आणि पंचांच्या टेबलाकडे निघाल्या.

नागपूरच्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी पावणेनऊला आम्ही बसलो होतो. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं होतं. खुर्च्यांच्या पाठींवर गुलाबी फिती तशाच होत्या आणि व्यासपीठावर थर्मोकोलचे दोन हंस उभे होते. त्यांच्यासमोर बत्तीस माणसं पत्त्यांचे डबे घेऊन बसली होती. त्यात कॉलेजची पोरं होती, दोन बँकवाले होते, एक दंतवैद्य होता, मी होतो आणि एसटीच्या अमरावती आगारातल्या वाहतूक नियंत्रक रत्नमाला तायडे होत्या. बाई त्या एकट्याच. वय सेहेचाळीस.

खेळाचं नाव एम्बरमार्च. पत्ते परदेशी, त्यांच्यावरचा मजकूर इंग्रजी. पण अमरावतीच्या ज्या दुकानात आम्ही पत्ते घ्यायला आणि खेळायला जमतो तिथं प्रत्येक पत्त्याला मराठी नाव पडलं होतं. नेहमीच्या पत्त्यांच्या खेळात दोघांत मिळून एक जोड असतो. इथं प्रत्येकजण स्वतःचा संच बांधून आणतो. हजारभर पत्त्यांतून साठ निवडायचे. त्यांतले काही सैन्याचे, काही हुकमाचे आणि काही चौक्यांचे. दर पाळीला एक चौकी मांडता येते, आणि जितक्या चौक्या तितका मोठा पत्ता खेळता येतो. चौक्या कमी पडल्या की हातातले हत्ती हातातच राहतात.

साठांच्या बाजूला आणखी पंधरा पत्ते ठेवता येतात. तीन डावांपैकी दोन जिंकायचे असतात. पहिला डाव साठांवरच होतो. तो झाला, समोरच्याकडे काय आहे ते दिसलं, की मग बाजूच्या पंधरातून हवे ते आत घ्यायचे आणि तितकेच बाहेर काढायचे. माणसं साठांवर महिनोन्महिने घालवतात आणि ते पंधरा आदल्या संध्याकाळी उरकतात. ताईंचं उलट होतं.

सगळी यादी सकाळी कागदावर लिहून द्यायची. कागद पंचांकडे गेला की बदल नाही.

आम्ही दोघं अगदी एकसारखे संच घेऊन उतरणार होतो. पंच्याहत्तरच्या पंच्याहत्तर पत्ते ताईंनी ठरवलेले. एका दुकानातली माणसं असं करतात, त्यात गैर काही नाही. माझा कागद भरत आला होता. बाजूच्या पंधरातली शेवटची ओळ तेवढी राहिली होती. ताईंच्या यादीत तिथं लिहिलं होतं: साधी चौकी, एक.

"ही काहून आहे बे?" परेश माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला. परेश लढ्ढा आमच्यातला दंतवैद्य. "चौकी कोणी बाजूले ठेवते? दुकानात खोकं भरून पडल्यात, फुकट नेतात लोक. पंधरा जागा भेटतात, त्यातली एक तू याच्यात घालवतो?"

"ताईंची यादी आहे."

"ताई देव आहे काय? माझ्याकडं वणवा आहे जास्तीचा. घे. समोरच्याच्या सगळ्या छावण्या एका फटक्यात साफ. किडलेली दाढ काढून टाक, चांगली बसव."

हाच प्रश्न मी महिन्याभरापूर्वी ताईंना विचारला होता. त्या म्हणाल्या होत्या, "राहू द्या ती. स्पेअर आहे." त्यापुढे काही नाही. प्रत्येक पत्त्याचा हिशोब देणाऱ्या बाईनं या एकाचा दिला नव्हता.

मी एका दैनिकात उपसंपादक होतो. फुकट बसलेला शब्द दिसला की काढायचा, हे माझं काम. दहा वर्षं ते केल्यावर हात आपोआप चालतो. मी लिहिलं: वणवा, एक. कागद पंचांकडे दिला आणि चौकी शर्टाच्या खिशात टाकली. ताईंना सांगितलं नाही. एक पत्ता तर होता.

ताईंची माझी ओळखही एका कापलेल्या ओळीवरूनच झाली होती. तीन वर्षांपूर्वी आगारातून दिवाळीच्या जादा गाड्यांचं वेळापत्रक छापायला आलं होतं. जागा कमी होती. शेवटची ओळ अशी होती की, याखेरीज एक गाडी चालक-वाहकासह आगारात उभी राहील. तिला ना गाव होतं ना वेळ. मी ती उडवली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई वर्तमानपत्राची घडी घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"माझी एक गाडी तुम्ही कुठं पाठवली?"

मी यादी पाहिली. "ताई, ती कुठं जातच नव्हती."

"जाते. कुठं जाते ते सकाळी माहीत नसते, एवढंच."

मी दिलगिरी व्यक्त केली. ती त्यांनी फारशी ऐकली नाही. त्यांचं लक्ष माझ्या टेबलावरच्या पत्त्यांच्या डब्याकडे गेलं होतं.

"हे तुमचं आहे?"

"हो. एक खेळ आहे, एम्बर..."

"माहीत आहे. वणव्याच्या किती प्रती ठेवता?"

"चार."

"चारही? दोन तर हातात पडूनच राहत असतील."

माझा चहा निवला होता. मी घरी जाऊन शेवटचे वीस डाव आठवून लिहिले. दोनच पडून राहिले होते.

त्यांचा भाचा पुण्याला शिकायला जाताना पत्त्यांचं खोकं त्यांच्याकडे ठेवून गेला होता. उघडून पाहिलं, नियम वाचले, आणि जेवणाच्या टेबलावर त्या एकट्याच खेळू लागल्या. डाव्या हाताचा एक संच, उजव्याचा दुसरा. निकाल ड्यूटीच्या जुन्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. मी ते तक्ते पाहिले आहेत. पेन्सिलीनं आखलेले रकाने, प्रत्येक डावाला एक ओळ. कोणता पत्ता कितव्या पाळीला हातात आला, किती पाळ्या पडून राहिला, खेळला तेव्हा उपयोग झाला की नाही. आमची यादी पक्की झाली त्या दिवशीच्या ओळीचा क्रमांक होता अकराशे त्रेचाळीस.

"उजव्या हाताला काय आलंय ते डाव्याला माहीत असतंच ना ताई. मग खेळता कसं?"

"ड्रायव्हरचं ऐकताना कंडक्टरनं काय सांगतलं ते विसरायचं, कंडक्टरचं ऐकताना ड्रायव्हरचं. सोळा वर्षं तेच करून राहिली ना मी."

दर मंगळवारी, त्यांच्या सुटीच्या दिवशी, त्या दुकानात यायच्या. स्वतः क्वचित खेळायच्या. एखाद्याच्या मागं उभ्या राहायच्या आणि डाव संपला की विचारायच्या, "हा पत्ता किती वेळ हातात होता?" पोरं आधी हसायची. मग त्यांच्या सांगण्यावरून कोणी चारचे तीन केले, कोणी दोनचे तीन, आणि ती पोरं जिंकायला लागली. त्यानंतर कोणी हसलं नाही.

त्या स्वतः मात्र सात वर्षांत एकाही स्पर्धेत उतरल्या नव्हत्या. स्पर्धा रविवारी असतात. आगारात सुट्यांचा तक्ता ताईच लिहायच्या, आणि रविवार त्या घरी लहान मुलं असलेल्यांना द्यायच्या. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता. तो त्यांनीच पाडला होता आणि त्यांनीच पाळला होता.

नागपूरला येताना गाडीत त्या मला म्हणाल्या होत्या, "या रविवारी मी माझं नाव लिहिलं. खोडरबर घेऊन बसली होती बाजूले. पण नाही खोडलं."

या स्पर्धेत पाच फेऱ्या होत्या; हरलेल्यालाही पुढच्या फेऱ्या खेळता येत होत्या. सगळ्यांत वर राहील त्याला बंगळूरच्या राष्ट्रीय स्पर्धेत जागा. जागा एकच.

पहिल्या चार फेऱ्या मी खेळलो असं म्हणणं बरोबर होणार नाही. ताईंनी मला एक चिठ्ठी दिली होती. समोर अमुक तऱ्हेचा संच आला तर हे आत, हे बाहेर, अशा नऊ ओळी. पहिला डाव झाला की मी चिठ्ठी काढायचो, तिच्यात लिहिलं तसं करायचो, आणि पुढचे दोन डाव कुणीतरी आधी खेळून ठेवल्यासारखे उलगडायचे. दुसऱ्या फेरीत समोरच्यानं बारा भालाईत उभे केले. चिठ्ठीत लिहिलं होतं, दलदल तीन आत, चौथी नको. तिसरी दलदल मला नेमकी पाचव्या पाळीला आली. चौथी असती तर तिच्या जागी असलेला वैद्य आला नसता आणि मी सहाव्या पाळीला मेलो असतो.

चौथ्या फेरीत रायपूरचा एक जुना खेळाडू हरल्यावर माझी चिठ्ठी मागून घेऊन वाचत बसला. डाव संपलेला होता, हरकत नव्हती.

"हे कुणी बसवलं?" त्यानं हिंदीत विचारलं.

मी शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलं. ताई तिथं चष्मा पुसत होत्या. तो उठला, त्यांच्यापाशी गेला आणि नुसता नमस्कार करून परत आला.

पावणेतीनला पाचव्या फेरीच्या जोड्यांचा कागद भिंतीवर लागला. चारही फेऱ्या जिंकलेली माणसं दोनच उरली होती. टेबल एक: रत्नमाला तायडे विरुद्ध श्रीकांत ढोले.

ढोले म्हणजे मी.

परेश तिसऱ्या फेरीत हरून नाव काढून घेऊन बसला होता. तो मागून म्हणाला, "सोपं आहे. तू सोडून दे. जाऊ दे ताईले बंगळूरले."

हेही नियमात बसतं. आपल्या माणसाशी गाठ पडली की एकानं न खेळता हार मान्य करायची. बरेच करतात. मलाही ते हवं होतं, आणि सगळं चांगल्या मनानं नाही. माझ्या पंधरात एक पत्ता असा होता जो ताईंना दिसू नये असं मला वाटत होतं.

ताई समोर बसल्या. पाण्याची बाटली उजवीकडे, पेन्सिल डावीकडे, हातरुमाल मांडीवर.

"ताई, मी सोडतो. तुम्ही जा बंगळूरला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काहून?"

"यादी तुमची. मेहनत तुमची. मी काय, चिठ्ठी वाचतो."

"सात वर्षांनी रविवार भेटला मले," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण परेश मागं सरकला. "त्यातला एक तास तुम्ही वाचवून देऊन राहिले. वाचलेल्या तासाचं मी काय करू, सांगा? घरी जाऊन डाव्या हाताशी खेळू?"

मी पत्त्यांचा डबा पुढे ओढला.

"माझे पंच्याहत्तर माझ्याच समोर मी हजार वेळा ठेवले. दुसऱ्या माणसाच्या हातात एकदाही नाही पाहिले. बसा, पत्रकार. पिसा."

मी पिसले.

पहिला डाव मी जिंकलो. साठ पत्ते तेच, दोन्हीकडे चोवीस चौक्या. मला हत्ती आधी आला, त्यांना उशिरा. त्यांनी पेन्सिलीनं एक ओळ लिहिली आणि पत्ते गोळा केले.

मग बाजूचे पंधरा. इथं एक रिवाज आहे. पंधराच्या पंधरा पत्ते साठांत मिसळायचे आणि मग त्यातून पंधरा काढायचे. म्हणजे तुम्ही एक बदललात की दहा, ते समोरच्याला मोजता येत नाही. माझ्या चिठ्ठीत नऊ ओळी होत्या, पण समोर आपलाच संच आला तर काय करायचं याची ओळ नव्हती. मी अंदाजानं केलं. वणवा आत घेतला, कारण ताईंच्या छावण्या मला माहीत होत्या. दुष्काळाचे दोन पत्ते बाहेरच ठेवले. दुष्काळ पडला की दोन्ही बाजूंची एकेक चौकी जाते. सारख्याच दोन संचांत दोघांनाही सारखाच मार बसणार, मग तो कशाला?

दुसरा डाव ताई जिंकल्या. वणवा मला दिसलासुद्धा नाही.

तिसरा डाव सुरू झाला तेव्हा घड्याळात एकवीस मिनिटं उरली होती. इतर टेबलं एकेक करून रिकामी होत होती आणि माणसं आमच्याभोवती येऊन उभी राहत होती. नवव्या पाळीला आम्ही दोघंही सहा चौक्यांवर होतो. हत्तीला सात लागतात. माझ्या हातात दोन हत्ती होते. त्यांच्या समोर तीन छावण्या होत्या, त्यामुळे माझं सैन्य पुढे सरकत नव्हतं. माझ्यासमोरही तीन, त्यामुळे त्यांचं नाही.

मी पत्ता ओढला. वणवा.

मागं परेशनं श्वास घेतलेला मला ऐकू आला. मी किंमत म्हणून त्या पाळीपुरत्या पाच चौक्या आडव्या केल्या आणि वणवा टेबलावर ठेवला. ताईंच्या तिन्ही छावण्या गेल्या. गर्दीतून कोणीतरी शीळ घातली.

ताईंनी छावण्यांकडे पाहिलं नाही. त्यांनी वणवा उचलला, चष्म्याजवळ नेला आणि वाचला. तो पत्ता त्यांना तोंडपाठ होता. मग जसा होता तसा सरळ परत ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी आजही क्रमानं सांगू शकतो. आधी माझ्या समोरच्या सहा चौक्या पाहिल्या. मग माझा टाकलेल्या पत्त्यांचा ढीग मागितला. तो पाहायचा हक्क दोघांनाही असतो. त्यातल्या चौक्या बोटानं मोजल्या. मग माझ्या न ओढलेल्या गड्डीची जाडी पाहिली. मग माझ्या हाताकडे. पत्त्यांच्या पाठींकडे नाही, बोटांकडे. उजवीकडचे दोन पत्ते मी घट्ट धरून ठेवले होते. ते हत्ती होते.

मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, अर्धा क्षण.

आणि त्यांनी दुष्काळ टाकला.

माझी एक चौकी गेली, त्यांची एक गेली. दोघंही पाचावर. गर्दीत कुजबुज झाली. छावण्या गेल्यावर माणूस नव्या उभारतो. स्वतःचीच जमीन कोण जाळतो? मलाही क्षणभर वाटलं की बाई थकल्या, चुकल्या.

पुढच्या पाळीला त्यांनी चौकी मांडली. सहा. मी ओढलं, चौकी नव्हती. पाच. मी सैन्य पुढे काढून त्यांना जखम केली. त्यांनी ती घेतली, अडवली नाही. त्याच्या पुढच्या पाळीला दुसरा दुष्काळ. त्या पाच, मी चार. मी ओढलं. भालाईत. माझा सैनिक पुन्हा पुढे. त्यांनी पुन्हा जखम घेतली आणि चौकी मांडली.

तेव्हा मला दिसायला लागलं. माझ्याकडे हत्ती दोन आहेत हे त्यांना ठाऊक होतं. मी हत्तींसाठी सातव्या चौकीची वाट पाहतोय हेही. आणि ती सातवी माझ्यापासून दूर जात होती, दर पाळीला थोडी, त्यांच्या हातानं. तेच नुकसान त्यांचंही होत होतं. फक्त त्यांच्या गड्डीत माझ्यापेक्षा एक चौकी जास्त होती.

एकच. साठांत एक. अशा फरकानं डाव फिरतो असं मला कोणी सांगितलं असतं तर मी ती ओळ कापली असती. आणि खरं सांगायचं तर तो फरक नुसता पत्त्याचा नव्हता. यादी त्यांची होती. त्यात एक पत्ता अनोळखी दिसल्याबरोबर उरलेले चौऱ्याहत्तर त्यांना उघडे दिसत होते. वणवा टाकून मी त्यांना माझा सगळा संच दाखवला होता, आणि त्यात बदल करणारा माणूसही.

सतराव्या पाळीला त्यांचा हत्ती उतरला. मी चार चौक्यांवर दोन हत्ती हातात धरून बसलो होतो. घड्याळात तीन मिनिटं होती. मी हात पुढे केला.

त्यांनी हात मिळवला आणि लगेच पेन्सिल उचलली. गर्दीत रायपूरचा तो माणूस टाळ्या वाजवू लागला.

"चौकी काढली ना?" लिहिता लिहिता त्यांनी विचारलं.

"हो."

"आहे कुठं?"

मी खिशातून काढून टेबलावर ठेवली. घामानं एक कोपरा वाकला होता.

"तुम्हाला कसं कळलं चौकीच काढली म्हणून? दुसरं काहीही काढलं असतं मी."

"तुम्ही? दुसरं काढायची तुमची छाती आहे काय?" त्या हसल्या. त्या दिवसातलं पहिलं हसू. "उपसंपादक आहात तुम्ही. जिले गाव नाही ती गाडी कापता."

परेशनं माझ्याकडे पाहायचं टाळलं.

"चुकलं ताई," मी म्हणालो. "विचारायला पाहिजे होतं. पण तुम्हीही कधी सांगितलं नाहीत ती कशासाठी आहे. चिठ्ठीतही नव्हतं."

त्यांची पेन्सिल थांबली.

"काय सांगणार? मलेच माहीत नव्हतं." त्यांनी तक्ता माझ्याकडे वळवला. "हे पाहा. आपलाच संच समोर आला तर दुष्काळ आणि एक चौकी जास्तीची, असा माझा अंदाज होता. पण घरी दोन्ही हात माझेच. याच्याकडं चौकी नाही हे त्याले माहीत आहे, मले नाही, आणि मग मधातच मले समजलं तर काय होते, हे एकटीनं कसं खेळून पाहू? सात वर्षं तो रकाना रिकामा आहे. अंदाज मी वेळापत्रकात लिहीत नाही. तुमाले कसा सांगू?"

रकाना खरंच रिकामा होता. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: स्पेअर नसताना. खाली अकराशे त्रेचाळीस ओळींपर्यंत कोरा. आज त्यात पहिली नोंद पडली होती. माझी.

मी माफीची वाट पाहत होतो, निदान रागाची. त्यांच्या चेहऱ्यावर दोन्हीपैकी काही नव्हतं. दिवाळीच्या गर्दीत उभ्या ठेवलेल्या गाडीला अचानक गाव मिळालं तर त्या कशा दिसत असतील, तशा त्या दिसत होत्या.

पंचांनी नाव पुकारलं. बंगळूरच्या जागेचं पाकीट घ्यायला व्यासपीठावर बोलावलं. ताई गेल्या, हंसांच्या मधे उभं राहून पाकीट घेतलं, फोटोला थांबल्या आणि परत आल्या. बंगळूरला त्या पुढे अकराव्या आल्या. आगाराच्या तक्त्यावर त्या रविवारीही त्यांनी स्वतःच्या हातानं नाव लिहिलं, हे मला त्यांच्याच एका कंडक्टरनं सांगितलं.

पण मला आठवतं ते त्या दिवशीचं, पाकीट घेऊन आल्यानंतरचं. कार्यालयाची माणसं आत आली होती. संध्याकाळी दुसरं लग्न होतं. खुर्च्यांच्या गुलाबी फिती सोडून पिवळ्या बांधायच्या होत्या. सव्वाचारची अमरावती गाडी पकडायची असं आमचं ठरलं होतं, आणि पहाटे पाचला ताईंची ड्यूटी होती. मी घड्याळ पाहिलं. तीन पंचावन्न.

"निघू या ताई. गाडी चुकेल."

ताई बसल्या होत्या. पाकीट न उघडता पिशवीत टाकलेलं. आपल्या साठांतून त्यांनी एक चौकी काढली आणि माझ्या वाकलेल्या चौकीशेजारी ठेवली. वणव्यासाठी त्यांनी परेशकडे हात पुढे केला.

"दुसरा आहे का हो डॉक्टर, तुमच्याकडं?"

परेशनं खिसे चाचपून दिला.

"आता दोघांकडंही नाही," त्या म्हणाल्या. "हा एक झाला. मग तुमच्याकडं आहे, माझ्याकडं नाही. तो दुसरा. मग पुन्हा आजच्यासारखं. एका डावानं काय सिद्ध होते? आजचा योगायोगही असू शकते."

"ताई, सव्वाचारची..."

अमरावती आगारातून सोळा वर्षांत एकही गाडी ज्या बाईनं विनाकारण दोन मिनिटं थांबू दिली नव्हती, त्या बाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मागं एक माणूस आमच्याच टेबलाची चादर ओढायला आला होता. तिला त्यांनी कोपरानं दाबून धरलं होतं.

"जाऊ द्या त्या गाडीले," त्या म्हणाल्या. "पिसा."